ड्युटीवर हात उचलला, गाडी अडवली तर: १०८, फायर ब्रिगेड आणि कॅज्युअल्टीतल्या लोकांनी नेमकं काय करायचं

१०८ ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर आणि पायलट (म्हणजे ड्रायव्हर), फायर ब्रिगेडचे जवान, कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, मावश्या, या सगळ्यांसाठी लिहितोय. मारहाण झाली किंवा गाडी अडवली की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो कुठलं कलम लागतं. कलमं आहेत, कडकही आहेत. पण केस उभी राहते की नाही हे पहिल्या काही तासांत कागदावर काय गेलं त्यावर ठरतं. सहकाऱ्यांबरोबर पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून बऱ्याच फिर्यादी लिहिताना बघितल्यात, त्यावरून सांगतो, आपली माणसं मार खाऊन येतात आणि "धक्काबुक्की केली" एवढी एक ओळ लिहून घरी जातात, मग दोन वर्षांनी कोर्टात त्या एका ओळीवर काहीच उभं राहत नाही.

(हे सगळं महाराष्ट्रातल्या परिस्थितीबद्दल आहे. आणि गंभीर केस असेल, हाड मोडलंय, गाडी जाळली असं काही असेल, तर वकील घ्याच, हे वाचून थांबू नका.)

आधी ते ३५३ डोक्यातून काढा

अजूनही कितीतरी सरकारी दवाखान्यांत आणि ऑफिसांत भिंतीवर बोर्ड आहे, "शासकीय कामात अडथळा आणल्यास भा.दं.वि. ३५३ नुसार ५ वर्षे कारावास". तो बोर्ड जुना झाला. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (म्हणजेच भा.दं.वि.) गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, तेव्हापासूनच्या घटनेला ३५३ च्या जागी कलम १३२ लागतं. महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा ५ वर्षं केली होती, पण नव्या संहितेच्या १३२ मध्ये ती परत जास्तीत जास्त २ वर्षं आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्रच आहे, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवायला कोर्टाची परवानगी लागत नाही आणि जामीन हक्काने मिळत नाही. तरी पाच वर्षांची धमकी देऊ नका, समोरच्याचा वकील पहिल्याच दिवशी ती खोडून काढतो.

१३२ बद्दल अजून एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथेच सगळ्यात जास्त केसेस पडतात. त्यात हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नुसता आरडाओरडा, "तुम्ही हरामखोर आहात, तुम्हाला बघून घेतो" एवढ्यावर १३२ टिकणं अवघड आहे. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंगळूरच्या एका जोडप्याची केस रद्द केली, त्यांनी ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली म्हणून ३५३ लावलं होतं, कोर्टाने सांगितलं की यात हल्लाही नाही आणि बळाचा वापरही नाही. म्हणून शिव्या दिल्या तर शिव्यांचं कलम, धमकी दिली तर धमकीचं, हात लावला तर हात लावल्याचं. सगळं १३२ मध्ये कोंबायला गेलात तर सगळंच सुटतं.

हात लागला आणि दुखापत झाली तर १२१. साधी दुखापत असेल तर ५ वर्षांपर्यंत, गंभीर असेल, म्हणजे हाड मोडलं, दात पडला, डोळ्याची नजर कायमची गेली, तर कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० वर्षं. थांबवून ठेवलं, गाडीच्या पुढे उभे राहिले, दार धरलं तर १२६. धमकी ३५१, अपमान करून भडकवणं ३५२. टोळकं असेल, पाच किंवा जास्त जणं, तर १८९, १९० आणि दंगल असेल तर १९१. टोळक्याची कलमं विसरू नका कारण त्यांच्यामुळे "मी मारलं नाही मी फक्त उभा होतो" म्हणणारासुद्धा आत येतो.

आणि ज्याला आपण सर्रास "सरकारी कामात अडथळा" म्हणतो, बळ न वापरता मुद्दाम अडवणं, त्याचं कलम खरंतर २२१ आहे, त्याला शिक्षा फक्त ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ह्या कलमाला अजून एक अट आहे, संबंधित सरकारी नोकराने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टाकडे लेखी तक्रार दिल्याशिवाय कोर्ट दखलच घेत नाही. फायर स्टेशनच्या साहेबांनी हे माहीत करून ठेवा, नुसतं पोलिसांवर सोडलं तर ते कलम कोर्टात लंगडं पडतं.

दवाखान्यातल्यांसाठी वेगळा कायदा आहे, तो मागून घ्या

महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हिंसाचाराला प्रतिबंध करणारा, डॉक्टर मंडळी त्याला मेडिकेअर ॲक्ट किंवा डॉक्टर प्रोटेक्शन ॲक्ट म्हणतात. डॉक्टर, नर्स, मेडिकलचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी, पॅरामेडिकल कर्मचारी यात येतात आणि दवाखाना सरकारी असो वा खाजगी फरक पडत नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि दंड ५०,००० पर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. तोडफोड केली तर यंत्रांच्या खरेदीच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. मॉनिटर फोडला, व्हेंटिलेटर पाडला तर त्याची बिलं स्टोअरमधून काढून फिर्यादीला जोडा, बिल नसेल तर दुप्पट कशाच्या करणार.

या कायद्याची खरी ताकद म्हणजे त्यातली हिंसाचाराची व्याख्या. मारहाण तर आहेच पण धमकावणं आणि कामात अडथळा आणणं हेसुद्धा त्यात धरलंय. म्हणजे जिथे हात लागला नाही म्हणून १३२ अडतं तिथे हा कायदा चालतो, कॅज्युअल्टीत चाळीस जण घुसले, टेबल बडवलं, सिस्टरला "तुला बाहेर बघतो" म्हणाले, तर हा गुन्हा झाला, आणि तो एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) सोडायचा नाही.

पण व्याख्या दवाखान्यात ड्युटी बजावताना अशी आहे. त्यामुळे रस्त्यात, वस्तीत, ॲम्ब्युलन्समध्ये काही झालं तर ठाण्यात वाद निघू शकतो की हा कायदा इथे लागू होतो का. म्हणून १०८ वाल्यांनी मेडिकेअर ॲक्ट मागायचाच पण त्याच्या जोडीला संहितेची कलमंही मागायची, दोन्ही एकाच फिर्यादीत. आणि कायद्याची झेरॉक्स गाडीच्या फाइलमध्ये ठेवा, छोट्या ठाण्यात रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या अंमलदाराला तो आठवेलच असं नाही, दोन-तीन पानांचा तर कायदा आहे, समोर ठेवला की काम सोपं होतं.

साथरोगाच्या काळासाठी वेगळं आहे. २०२० मध्ये कोविडच्या वेळी साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली, साथ चालू असताना आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर ३ महिने ते ५ वर्षं, गंभीर दुखापत असेल तर ६ महिने ते ७ वर्षं, तपास ३० दिवसांत. एरवी उपयोग नाही, पुढची साथ आली तर लक्षात असू द्या.

मी सरकारी नोकर आहे का?

१०८ च्या लोकांना हा प्रश्न सतत पडतो. सेवा सरकारची आहे, २६ जानेवारी २०१४ पासून चालू आहे, ९३७ गाड्यांपासून सुरुवात झाली, पण चालवायला कंत्राटावर दिलेली. पगार कंत्राटदार देतो. मग १३२ आणि १२१ साठी "लोकसेवक" धरणार का?

संहितेतली व्याख्या पगारी अधिकाऱ्यांपुरती नाही, सरकारकडून मोबदला घेऊन सार्वजनिक कर्तव्य करणाराही त्यात येऊ शकतो, पण कंत्राटी माणसाच्या बाबतीत समोरचा वकील हा मुद्दा काढणारच. त्यामुळे फिर्यादीत पहिल्या दोन ओळींत लिहायचं की मी महाराष्ट्र शासनाच्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेत, अमुक गाडीवर, अमुक शिफ्टला, कंट्रोल रूमच्या अमुक क्रमांकाच्या कॉलवर काम करत होतो. आयडी, ड्युटी रोस्टर आणि जमलं तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या ऑफिसचं पत्र जोडायचं. आणि समजा कोर्टाने लोकसेवक मानलं नाही तरी मारहाण, अडवणूक, धमकी ही साधी कलमं कुणालाही लागतात, ती आधीपासून फिर्यादीत असतील तर केस पूर्ण पडत नाही. म्हणूनच म्हणतो एकाच कलमावर भिस्त ठेवू नका.

महापालिकेच्या आणि नगरपालिकेच्या फायर ब्रिगेडला हा प्रश्न सहसा येत नाही. ठेक्यावर घेतलेल्या जवानांना मात्र वरचं सगळं लागू.

घटना घडत असताना

पहिलं तुमचा जीव, मग पेशंट, मग पुरावा. हा क्रम बदलायचा नाही. टोळकं अंगावर आलं तर गाडीत बसून दारं लॉक करा, कंट्रोल रूमला आणि ११२ ला कॉल करा, ११२ चा कॉल रेकॉर्ड होतो त्यामुळे फोनवर स्पष्ट बोला, कुठे आहोत, किती जणं आहेत, काय करतायत. तो कॉल हाच तुमचा सगळ्यात पहिला पुरावा असतो, फिर्यादीच्याही आधीचा, आणि "नंतर विचार करून रचलं" हा आरोप त्याने मोडतो. पेशंट गाडीत असेल तर तो घेऊनच निघा, सुरक्षित जागी थांबा. पेशंट खाली राहिला आणि तुम्हाला निघावं लागलं तर का निघावं लागलं ते लगेच कंट्रोल रूमला सांगून नोंदवून घ्या, नाहीतर पेशंट सोडून पळाले अशी उलटी तक्रार येते.

व्हिडिओ काढायचा तर एकानेच काढायचा, जो उपचार करत नाहीये त्याने. उलट शिवी द्यायची नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलाय पण तो वार चुकवण्यापुरता, पळत्या माणसाच्या मागे जाऊन मारलं की तो हक्क संपला आणि तुमच्यावर क्रॉस केस (उलटी केस) झालीच म्हणून समजा.

इथे एक मनापासून सांगायचंय. ज्याचा बाप समोर तडफडतोय तो माणूस ओरडणारच. "गाडी इतक्या उशिरा का आली" म्हणून ओरडला, रडत रडत तुमचा हात धरला, त्याच्यावर गुन्हा करायला जाऊ नका. ज्याने मारलं, ज्याने उपचार थांबवले, ज्याने गाडी हलू दिली नाही, ज्याने बाईमाणसाला हात लावला, त्याला सोडू नका. हा फरक आपल्याला जागेवर कळतो, पोलिसांनाही कळतो, आणि आपण फरक करतो हे दिसलं की आपल्या खऱ्या तक्रारीला वजन येतं.

लोक मोबाइलवर शूट करतात त्यावरून फार भांडणं होतात. सार्वजनिक जागेत लांबून व्हिडिओ काढणं हा काही आपोआप गुन्हा नाही. पण मोबाइल घेऊन स्ट्रेचरच्या मध्ये उभा राहिला, गाडीत चढला, बाजूला हो सांगून झालं नाही, तर ती अडवणूक आहे. मोबाइल हिसकावून घेऊ नका, दोनदा मोठ्याने सांगा "बाजूला व्हा, पेशंटला न्यायचंय", तेही त्याच्याच व्हिडिओत रेकॉर्ड होतं.

फिर्याद कशी लिहायची

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. बहुतेक फिर्यादी अशा असतात: "सदर रुग्णाच्या नातेवाइकांनी आम्हास शिवीगाळ व धक्काबुक्की करून शासकीय कामात अडथळा आणला, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती." यात कोण, कुठे, कशाने, कुठलं काम चालू असताना, काहीच नाही.

असं लिहा: "रात्री ११.४० ला कंट्रोल रूमचा कॉल आला, १२.०५ ला पोचलो. रुग्ण पुरुष, वय अंदाजे ५५, छातीत दुखत होतं. मी त्याला ऑक्सिजन लावत असताना निळ्या चौकटीचा शर्ट घातलेला, अंदाजे तिशीतला इसम, ज्याला बाकीचे पप्पू म्हणून हाक मारत होते, त्याने माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढला आणि डाव्या गालावर दोन चापटा मारल्या. तो म्हणाला, मोठ्या हॉस्पिटललाच ने, नाहीतर गाडी हलू देणार नाही, तुला इथेच गाडतो. दुसऱ्या दोघांनी गाडीचं मागचं दार बाहेरून धरून ठेवलं. पायलट खाली उतरला तर त्याला बोनेटवर ढकललं, त्याच्या कोपराला खरचटलं. अंदाजे दहा मिनिटं गाडी निघू शकली नाही, त्या वेळात ऑक्सिजनची नळी निघाली ती मला परत लावावी लागली."

बघा आता. ऑक्सिजन लावत असताना म्हणजे कर्तव्य बजावताना. चापट म्हणजे बळ, १३२. कोपर खरचटलं ती दुखापत, १२१. दार धरलं ते १२६. "इथेच गाडतो" ही जिवे मारण्याची धमकी, ३५१ मधला जड भाग, त्याला ७ वर्षांपर्यंत. तुम्हाला कलमांची नावं लिहायची गरजसुद्धा नाही, हकीकत नीट लिहिली की कलमं त्यातूनच निघतात. शिवी दिली असेल तर जशीच्या तशी लिहा, लाज वाटते म्हणून "अश्लील शिवीगाळ" एवढंच लिहू नका. नाव माहीत नसेल तर वर्णन, गाडीचा नंबर, पेशंटशी नातं. जे बघितलं नाही ते लिहायचं नाही, अंदाज असेल तर अंदाजे असंच लिहायचं.

लिहून झाल्यावर वाचून बघा, चुकलं असेल तर सही करायच्या आधी दुरुस्त करून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, घेतल्याशिवाय उठू नका.

ठाण्यात काय काय ऐकायला मिळतं

"हे एनसी होईल." एनसी म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, कागद तिथेच राहतो. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली, तपास आणि खटल्याची पद्धत सांगणारी) कलम १७४ मध्ये, आणि जुन्यातही हेच होतं, स्पष्ट आहे की एकाच घटनेतल्या चार गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असेल तर पूर्ण प्रकरण दखलपात्र धरायचं. नम्रपणे हे दाखवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर घेणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय, ललिता कुमारी केस, पोलिसांना हे नाव चांगलं माहीत असतं.

"हद्द आमची नाही." ॲम्ब्युलन्सवाल्यांना हे हमखास ऐकायला लागतं, घटना एका तालुक्यात आणि आपण पेशंटला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात. आता त्याच नागरिक सुरक्षा संहितेत आहे, कलम १७३, गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, झिरो नंबरने नोंदवून ते पुढे पाठवतात. ऑनलाइन पाठवली तरी चालते पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ते विसरू नका.

"आधी चौकशी करतो." ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपीच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, तशी नवीन तरतूद आहे. त्यामुळे हे प्रत्येक वेळी टाळाटाळच असतं असं नाही. पण १४ दिवस म्हणजे १४ दिवस, तारीख लिहून ठेवा आणि पंधराव्या दिवशी जा.

घेतलीच नाही तर लेखी तक्रार पोस्टाने एसपींना, शहरात असाल तर डीसीपींना, रजिस्टर एडीने. तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, प्रतिज्ञापत्रासह. इथे वकील लागेल, फी परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा, महिलांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

शक्य असेल तिथे फिर्यादी संस्था असावी, म्हणजे मेडिकल ऑफिसर, अधीक्षक, स्टेशन ऑफिसर. एकट्या सिस्टरने केस केली की तिच्या घरापर्यंत माणसं जातात, "मिटवून टाका" म्हणत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर जी कर हॉस्पिटलमधल्या महिला डॉक्टरच्या बलात्कार-खुनाच्या घटनेनंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर संस्थाप्रमुखाने जास्तीत जास्त ६ तासांत संस्थेतर्फे एफआयआर करायचा. ते केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थांना उद्देशून होतं, पण आपल्या साहेबांना दाखवायला काहीच हरकत नाही. आपापल्या संस्थेत आत्ताच, काही घडायच्या आधी, लेखी ठरवून घ्या की फिर्याद कोण देणार, रात्री कोण देणार, सुट्टीत कोण देणार.

पुरावा

जखम कितीही छोटी असली तरी त्याच दिवशी तपासून एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करा. आपणच दवाखान्यात काम करतो म्हणून आपापसात पट्टी बांधून मोकळे होतो, मग दुखापतीचा कागदच नसतो आणि १२१ जातं.

सीसीटीव्ही बरेचदा काही दिवसांत स्वतःवरच पुन्हा रेकॉर्ड होतं, त्यामुळे घटना घडली त्याच दिवशी प्रशासनाला आणि पोलिसांना लेखी द्या की अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, पोचची सही घ्या. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर पोलिसांना दाखवा. मोबाइलवरचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवू नका, त्यात फाइल लहान होऊन क्वालिटी जाते, मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५ब म्हणायचे तेच, ते तपासी अंमलदाराला आठवणीने विचारा. पेशंटचा चेहरा दिसणारा व्हिडिओ सोशल मीडियावर टाकू नका, भले आपली बाजू शंभर टक्के खरी असली तरी.

कंट्रोल रूमचं कॉल रेकॉर्डिंग, गाडीचा जीपीएस, पेशंटचा फॉर्म. फायर ब्रिगेडमध्ये वर्दीची (म्हणजे आलेल्या कॉलची) नोंद, बंब निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ. होज (पाण्याचा पाइप) कापला असेल तर तो तुकडा फेकू नका, पंचनाम्यात घ्यायला लावा. तोडफोडीचा पंचनामा होईपर्यंत साफसफाई करू नका, पेशंटसाठी करावीच लागली तर आधी फोटो काढा.

महिला कर्मचारी, आणि जातीवरून शिवी

बाईच्या अंगाला हात लावला, कपडे ओढले तर कलम ७४, १ ते ५ वर्षं, अजामीनपात्र. घाणेरडं बोलणं, हावभाव ७९. ही माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आहे, तसा आग्रह धरा. शिवाय २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या कायद्यात मालकाने पुरवलेलं वाहनसुद्धा कामाची जागा धरलंय आणि छळ करणारा बाहेरचा असला तरी पोलीस तक्रारीसाठी मदत करणं मालकावर बंधनकारक आहे, म्हणजे एजन्सीने "आमचा काय संबंध" म्हणून चालत नाही.

अनुसूचित जाती-जमातीच्या सहकाऱ्याला लोकांसमोर जातीवरून बोलले असतील तर ॲट्रॉसिटी कायदा, त्यात प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि तपास डीवायएसपी दर्जाचा अधिकारी करतो. सफाई कामगार आणि वॉर्डबॉयना हे सगळ्यात जास्त सोसावं लागतं आणि तेच सगळ्यात कमी तक्रार करतात. त्यांच्याबरोबर ठाण्यात जा.

रस्ता न देणारे

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९४ई आलं, फायरची गाडी किंवा ॲम्ब्युलन्स आल्यावर बाजूला न होणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. सिग्नलला अडकलेल्या, खरंच जागा नसलेल्या माणसासाठी हे नाही. मुद्दाम पुढे पुढे चालवणारा, गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून गायब होणारा, त्याचा नंबर मागे बसलेल्याने टिपायचा, पायलटने नाही. डॅशकॅम असेल तर उत्तमच. सोसायट्यांच्या आतल्या डबल पार्किंगबद्दल फायर ब्रिगेडने घटनेच्या अहवालात स्पष्ट लिहावं की अमुक गाड्यांमुळे बंब इतकी मिनिटं आत जाऊ शकला नाही, कारण नंतर जीवितहानीची चौकशी होते तेव्हा तो अहवालच बोलतो.

खोट्या कॉलसाठी न्याय संहितेचं कलम २१७ आहे, १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, पण तिथेही वरिष्ठांची लेखी तक्रार लागते.

नंतर काय होतं

अटक झाली नाही म्हणून खचू नका. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस बरेचदा अटक न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची (हजर राहण्याची) नोटीस देतात, केस चालूच असते. आरोपी परत येऊन धमकावत असेल तर ते लगेच लेखी कळवा, जामिनाच्या सुनावणीत ते कामी येतं आणि पीडिताला तिथे म्हणणं मांडायचा हक्क आहे. ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती तुम्हाला कळवायची जबाबदारी पोलिसांची आहे, कळवलं नाही तर विचारा.

समोरून निष्काळजीपणाची तक्रार आली तर घाबरून आपली केस मागे घेऊ नका. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला हवं हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात आहे. पेशंटचे कागद मात्र त्याच दिवशी पूर्ण करा आणि नंतर त्यात एक अक्षर बदलू नका.

मिटवामिटवीसाठी वॉर्डातले कार्यकर्ते येतील, पाया पडतील, माफीनामा लिहून देतील. माफ करायचं की नाही हा तुमचा निर्णय. फक्त एवढं माहीत असू द्या की १३२ आणि १२१ ही आपसात मिटवता येणारी कलमं नाहीत, ठाण्यात कागदावर सह्या केल्या म्हणून केस संपत नाही, ती रद्द करायची तर हायकोर्टात जावं लागतं. त्यामुळे दबावाखाली "माझी काही तक्रार नाही" असं लिहून दिलंत तर केस तशीच राहते आणि साक्षीला उभं राहिल्यावर तुम्हीच खोटे ठरता.

साक्षीचं समन्स येतं तेव्हा दोन-तीन वर्षं गेलेली असतात, बदली झालेली असते, पायलट नोकरी सोडून गावाला गेलेला असतो. म्हणून घटनेच्या रात्रीच, फिर्याद देऊन आलात की, सगळ्यांनी आपापल्या वहीत स्वतःच्या शब्दांत सगळं लिहून तारीख टाकून ठेवा, आणि एकमेकांचे कायमचे पत्ते आणि घरच्यांचे नंबर घेऊन ठेवा. समन्स आलं की ऑफिसला लेखी द्या आणि तो दिवस ऑन ड्युटी मागा. कोर्टात जायच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांना भेटून आपला जबाब एकदा वाचायला मागा. तिथे फक्त जे आठवतं तेच सांगा, नाही आठवत तर "आठवत नाही" म्हणा.